कॉन्फरन्स बघून कॉलेज ठरवू नका, आणि त्यासाठी घर तर मुळीच तारण ठेवू नका

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं, सोबतची एक्सेल शीटही शेवटच्या ओळीपर्यंत बघितली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी बारावीत आहे, टेनिस खेळते, तिच्या कोचिंगसाठी आई आणि ती पुण्यात भाड्याने राहतात आणि वडील, म्हणजे तुम्ही, नोकरीमुळे सांगलीत. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांशी बोलणं पुढे सरकलंय. एक बिग टेन कॉन्फरन्समधलं (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांत लीग खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) मोठ्या नावाचं, तिथला कोच म्हणतो टीममध्ये जागा देतो, स्कॉलरशिपचं दुसऱ्या वर्षी बघू. दुसरं एक छोटं सरकारी कॉलेज, ते ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं देतंय आणि चार वर्षांचं लेखी देतंय, पण त्यांची कॉन्फरन्स आपल्याकडे कोणी ऐकलेली नाही म्हणून वडिलांना ते नको. पहिल्या वर्षाचे साठ लाख सांगलीचं घर तारण ठेवून उभे करायचा विचार आहे. आणि मला विचारलेला प्रश्न असा, की पॅक-१२ ही दुसरी कॉन्फरन्स फुटली तशी बिग टेन फुटणार नाही ना, सगळ्यात सेफ कॉन्फरन्स कुठली?

उत्तर देते, पण आधी मला त्या शीटबद्दल बोलायचंय. तेवीस कॉलेजं आहेत त्यात. कॉन्फरन्स, टीव्ही डीलची रक्कम, टीमचं रँकिंग, पहिल्या सहा खेळाडूंचे यूटीआर (टेनिसमधलं रेटिंग), हवामान, कोर्ट इनडोअर आहेत की आउटडोअर, सगळ्याला कॉलम आहे. काय शिकणार याला कॉलम नाहीये. अख्ख्या पत्रात मुलीच्या आवडीबद्दल एकच वाक्य आहे, "तिला फिजिओथेरपीत इंटरेस्ट आहे पण ते नंतर बघू". आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, "सध्या जरा गप्प असते, मनगट दुखतं म्हणते, पण सिलेक्शन झालं की आपोआप उत्साह येईल".

अहो, नाही येत असा आपोआप. सतरा वर्षांची मुलगी गप्प झालीय आणि जो हात खेळायचा तोच दुखतोय, आणि चार पानांच्या पत्रात ही गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत येते, याची मला जास्त काळजी वाटली. तुम्ही दोघांनी खूप केलंय तिच्यासाठी, दोन घरं चालवणं सोपं नसतं, तुम्ही शनिवारी रात्रीची एसटी पकडून पुण्याला येता आणि रविवारी परत जाता हेही लिहिलंय. पण हे सगळं तीही रोज बघते ना. आई सांगली सोडून इथे राहतेय, बाबा एकटे डबा खातायत, आता घरही बँकेकडे जाणार, हे माहीत असलेली मुलगी तुमच्यासमोर "मला तिथे नको जायला" असं म्हणू शकेल का? तिचं गप्प राहणं म्हणजे होकार असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. तिला दडपण आलंय आणि ते सामन्याचं नाहीये, तुमच्या त्यागाचं आहे.

आता कॉन्फरन्सचं. तुमच्या शीटमध्ये स्टॅनफर्डच्या पुढे अजून पॅक-१२ लिहिलंय. स्टॅनफर्ड २०२४ पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे, म्हणजे कॅलिफोर्नियातलं कॉलेज बोस्टन आणि मायामीच्या कॉलेजांबरोबर लीग खेळतंय. हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण सेफ कॉन्फरन्स कुठली या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पॅक-१२ची मुळं १९१५ पर्यंत जातात, शंभर वर्षांहून जुनी संस्था. २०२२च्या जूनअखेर यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन कॉलेजांनी बिग टेनमध्ये जातो म्हणून सांगितलं, तिथलं टीव्ही मार्केटच गेलं. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा असं तेव्हा छापून आलं होतं. पॅक-१२चा स्वतःचा टीव्ही करार २०२४ मध्ये संपणार होता, नवा काही जमेना, शेवटी २०२३च्या ऑगस्टच्या सुरुवातीला ॲपलची एक ऑफर समोर आली जिच्यात पैसे सबस्क्रिप्शन किती विकली जातात त्यावर ठरणार होते. कोलोराडो जुलैमध्येच बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सला निघून गेलेलं. ४ ऑगस्टला एकाच दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीची कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) अटलांटिकला, तेही पहिली काही वर्षं टीव्हीच्या पैशात पूर्ण वाटा नाही, साधारण तीस टक्केच घेऊ, असं मान्य करून. मागे उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, फक्त दोन.

यातला एकही निर्णय टेनिससाठी झालेला नाही. स्टॅनफर्डच्या मुलींच्या टेनिस टीमकडे एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेची, वीस टीम विजेतेपदं आहेत, वीस, त्यांना कोणी विचारलं नाही. सगळं ठरलं ते फुटबॉल (त्यांचा अमेरिकन फुटबॉल, आपला नाही) टीव्हीवर किती जण बघतात यावर. घरातल्या थोरल्याची बदली झाली की धाकट्यांची शाळा बदलते, तसं आहे हे, फुटबॉल जिकडे जाईल तिकडे टेनिस, पोहणं, व्हॉलीबॉल, सगळ्यांनी सामान बांधायचं. बिग टेन आता अठरा कॉलेजांची आहे, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत, मध्ये तीन तासांचा वेळेचा फरक. स्टॅनफर्ड ते बोस्टन चार हजार किलोमीटरच्या वर भरतं, आपलं श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत मोजलं तरी तीन हजार होत नाही. फुटबॉलवाले आठवड्याला एक सामना खेळतात आणि चार्टर्ड विमानाने जातात. टेनिसच्या मुली बहुतेक साध्या फ्लाइटने जातात, कुठे कनेक्टिंग, कुठे उशीर, रात्री दीड वाजता हॉस्टेलवर आणि सकाळी नऊला लॅब. फिजिओकडे जायचं तर ॲनाटॉमी, केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स चुकवून चालत नाही. तुमच्या शीटमध्ये प्रवासालाही कॉलम नाही.

बिग टेन फुटेल का? आत्ता तरी उलट आहे, ती इतरांना गिळतेय. पण ती टिकली म्हणून तिच्यातल्या प्रत्येक कॉलेजातलं टेनिस टिकेल असा त्याचा अर्थ होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅनफर्डने २०२० मध्ये अकरा खेळ बंद करतो म्हणून जाहीर केलं होतं, पुढच्या वर्षी निर्णय फिरवला, पण त्या दहा महिन्यांत त्या मुलांचं काय झालं असेल याचा विचार करा. हे सगळ्यात श्रीमंत कॉलेजांपैकी एक. खाली तर विचारूच नका. मागे राहिलेल्या वॉशिंग्टन स्टेटने २०२५ मध्ये ट्रॅक अँड फील्डमधले फील्ड इव्हेंट्स बंद केले. कॅल पॉलीने त्याच वर्षी पोहणं बंद केलं. टेक्सासच्या एल पासोमधल्या यूटेपने मुलींचं टेनिस बंद केलं, आणि हे कॉलेज तेव्हा नव्या कॉन्फरन्समध्ये जायची तयारी करत होतं. म्हणून छोट्या कॉलेजलाही डोळे झाकून हो म्हणा असं मी सांगत नाहीये. प्रश्न दोन्हीकडे विचारायचेत.

आता तुमच्या पत्रातला एक मोठा गैरसमज, ज्याच्यावर ते साठ लाख उभे आहेत. तुम्ही लिहिलंय की आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात, मोठ्या कॉन्फरन्समध्ये जास्त देतात, म्हणजे लोन दोन वर्षांत फिटेल. अर्धं खरं आहे. २०२५च्या जूनमध्ये कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या हाउस खटल्याची तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि कॉलेजला पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत खेळाडूंमध्ये वाटायची मुभा मिळाली. पण त्यातले बहुतेक फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला जातात, टेनिसच्या वाट्याला काही आलं तरी नगण्य. शिवाय तुमची मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार, त्यावर कमाईला कडक बंधनं असतात, त्यामुळे परदेशी खेळाडूंना असे पैसे द्यायला कॉलेजं कचरतात. या पैशावर एक रुपयाचाही हिशोब धरू नका. उलट त्याच तडजोडीतली दुसरी गोष्ट तुमच्या विरोधात जाते. पूर्वी मुलींच्या टेनिसला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, आठ स्कॉलरशिपची मर्यादा होती पण टीममध्ये किती जणी घ्याव्यात यावर बंधन नव्हतं. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण टीम दहा जणींचीच. स्कॉलरशिप दहाही जणींना देता येते, किंवा कमी, ते कॉलेजच्या खिशावर. म्हणजे बिनपैशाची, दहाव्या नंबरची मुलगी ही सगळ्यात कच्च्या जागेवर असते. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, वीस-एकवीस वर्षांची अनुभवी युरोपियन खेळाडू आली की जागा कोणाची जाणार हे सांगायला नको. "दुसऱ्या वर्षी बघू" हे तोंडी वाक्य आहे, आणि तो कोच स्वतः दुसऱ्या वर्षी तिथे असेल याचीही खात्री नसते. तुमचे साठ लाख एका वर्षाचे आहेत, चार वर्षं धरली तर अडीच कोटींच्या घरात जाईल, स्पष्टच सांगते, हे लोन घेऊ नका.

तुम्ही ऋतुजा भोसलेचं उदाहरण दिलंय, टेक्सास ए अँड एमला गेली, पुढे बोपण्णाबरोबर हांगझोऊला एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ए अँड एम २०१२ पर्यंत बिग १२ मध्ये होतं, नंतर एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून बिग १२ मध्ये खेळला, तेव्हा टेक्सास आणि ओक्लाहोमा त्याच्याच कॉन्फरन्समध्ये होते, २०२४ पासून ते दोघेही एसईसीत. पाट्या बदलत राहिल्या. या दोघांना तिथे रोज कोर्टवर खेळायला मिळालं, सामने मिळाले, त्याचा उपयोग झाला. तुमच्या मुलीचा यूटीआर आणि त्या बिग टेन टीमच्या पहिल्या सहा जणींचे यूटीआर तुम्हीच शेजारी शेजारी लिहिलेत, त्यात ती सहाव्या मुलीच्याही बरीच खाली आहे. म्हणजे तिकडे ती जाऊन बेंचवर बसणार, आणि त्यासाठी घर तारण? छोट्या कॉलेजच्या शीटमध्ये ती तिसऱ्या-चौथ्या नंबरवर बसते. त्यांच्या वेबसाइटवर मी बघितलं, एक्सरसाइज सायन्सची डिग्री आहे, आणि त्यावरून पुढे फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटला अर्ज करता येतो. तुमच्या "नंतर बघू"वाल्या वाक्याशी जुळणारं कॉलेज तेच आहे, आणि तुम्ही त्याच्या ओळीला लाल रंग दिलाय.

एसएटी, एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचं रजिस्ट्रेशन, बारावीची मार्कलिस्ट हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. आणि तिला जायचंच नसेल तर महाराष्ट्रात बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, आहे, ते करूनही टेनिस खेळता येतं, हा पर्याय तिच्यासमोर खरोखरचा पर्याय म्हणून ठेवा, धमकी म्हणून नाही.

या आठवड्यात करायच्या गोष्टी सांगते. आधी मनगट चांगल्या ऑर्थोपेडिककडे दाखवा, स्पोर्ट्स इंजुरी बघणारा असेल तर उत्तम, आणि तो सांगेल तितके दिवस रॅकेट बंद, मध्ये स्पर्धा असली तरी. मग तिच्याशी बोला, पण तुम्ही नको, आईने बोलावं किंवा तिची एखादी मावशी-आत्या असेल जिच्याकडे ती मोकळी होते तिने, आणि शीट घेऊन बसू नका. तिला एवढंच विचारा की टेनिस उद्या बंद झालं, दुखापतीने म्हणा किंवा कॉलेजने टीमच बंद केली म्हणा, तर यातल्या कुठल्या कॉलेजात तुला चार वर्षं काढायला आवडेल, की कुठेच नाही. जे उत्तर येईल ते ऐकून घ्या, त्यावर लगेच समजावायला जाऊ नका.

ती हो म्हणाली तर छोट्या कॉलेजच्या कोचबरोबर व्हिडिओ कॉल तिने स्वतः करावा, तुम्ही त्या खोलीत नको. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे. विचारायचं असं: टीम बंद झाली किंवा मला दुखापत झाली तर स्कॉलरशिप चालू राहील का आणि ते करारात कुठे लिहिलंय, टेनिसचं बजेट गेल्या दोन वर्षांत कमी झालंय का, कॉलेज कॉन्फरन्स बदलायच्या बोलण्यात आहे का, सीझनमध्ये आठवड्याला किती लेक्चर चुकतात, आणि आत्ता टीममध्ये लॅबवाले विषय घेतलेली कोणी मुलगी आहे का, तिच्याशी बोलता येईल का. त्या शेवटच्या मुलीशी बोलणं जमलं तर कोचपेक्षा जास्त कळेल.

त्यांनी उत्तराला महिनाअखेरची मुदत दिलीय असं तुम्ही लिहिलंय. मनगटाचा रिपोर्ट यायचाय, दोन आठवडे वाढवून द्या, असा मेल आजच तिच्याकडून जाऊ द्या, आणि दुखापत लपवू नका. बँकेत दिलेला अर्ज उद्या सकाळी मागे घ्या. आणि मला पुढचं पत्र तिने लिहिलं तर बरं होईल, मराठीत, इंग्रजीत, व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल, ते तुम्हाला दाखवायची तिच्यावर सक्ती नसावी एवढीच विनंती.