उत्तर: सबसिडी ‘जमा’ आहे, मग व्याज पूर्ण रकमेवर का? (ठिबकच्या जुन्या नळ्यांचा दाणा प्लांट)

राम राम भाऊ,

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांचं चोपड्याला भंगाराचं दुकान, तुम्ही जवळच्या गावात ठिबकच्या जुन्या नळ्यांपासून प्लास्टिकचा दाणा करायचं युनिट टाकताय, पीएमईजीपीत (नव्या उद्योगाला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना) 40 लाखांचा प्रोजेक्ट मंजूर. शेड उभं राहिलं, ग्राइंडर आला, बँक म्हणते सबसिडी जमा झाली, पण हप्ता रुपयानेही हलला नाही. आणि आता एक एजंट दोन टक्के मागतोय, ‘सोडवून आणतो’ म्हणून. माझं युनिट भुसावळच्या बाजूला आहे, माल तोच, योजना तीच, आणि घोळही जवळपास हाच होता. म्हणून लांबलचक लिहितोय. उद्यम नोंदणी, ऑनलाइन अर्ज, ईडीपी (उद्योजकता) ट्रेनिंग हे तुमचं झालेलंच दिसतंय, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी एजंटचं. त्याला फुटकी कवडी देऊ नका. पीएमईजीपीत एजंट नावाचा प्रकारच नाही, अर्जालाही फी नाही. आणि जी रक्कम तुमच्याच बँकेत तुमच्याच नावाने ठेवलेली आहे ती तो कुठून सोडवून आणणार?

आता मुद्द्याचं. या योजनेत सबसिडी तुमच्या हातात कधीच येत नाही. मार्जिन मनी, म्हणजे हीच सबसिडी, बँकेकडे येते आणि तुमच्या नावाने टीडीआर (मुदत ठेव) करून तीन वर्षं ठेवली जाते. तीन वर्षांनी युनिट जागेवर चालू आहे का याची प्रत्यक्ष तपासणी होते, मग ती कर्जात वळती करतात. म्हणजे हप्ता आत्ता आपोआप कमी झाला नाही, यात अजून काही चुकलेलं नाही. चुकतं ते पुढे. नियम असा आहे की त्या टीडीआरवर बँक तुम्हाला व्याज देत नाही, आणि त्या बदल्यात कर्जातल्या तेवढ्या रकमेवर तुमच्याकडून व्याज घेतही नाही. यातला पहिला अर्धा भाग प्रत्येक शाखेला तोंडपाठ असतो. दुसऱ्या अर्ध्याची आठवण आपण करून द्यायची.

तुमचाच हिशोब घेऊ. खुला प्रवर्ग, ग्रामीण भाग, म्हणजे 25 टक्के सबसिडी, 10 लाख. तुमचा स्वतःचा वाटा 10 टक्के, 4 लाख. बँकेचं कर्ज 36 लाख. टीडीआर झाल्याच्या तारखेपासून व्याज 26 लाखांवर लागायला हवं, 36 वर नाही. दर 11 टक्के धरला तर त्या 10 लाखांचं वर्षाचं व्याज 1,10,000 रुपये, तीन वर्षांत 3,30,000. आपल्या धंद्यात एवढ्यात एक चांगला ग्राइंडर येतो.

माझ्या शाखेने (नाव लिहीत नाही, खातं आजही तिथेच आहे) टीडीआर केली, पावतीची झेरॉक्स दिली, आणि व्याज पूर्ण रकमेवर लावत राहिली. कळलं ते सीएने ताळेबंद करताना. शाखेत विचारलं तर साहेब म्हणाले, सिस्टीम आपोआप घेते, आमच्या हातात काही नाही. दुसऱ्या वेळी म्हणाले, तसं सर्क्युलर आणून दाखवा. बँकेने स्वतःच्या योजनेचं सर्क्युलर भंगारवाल्याकडे मागायचं! अर्ज ज्या कार्यालयातून गेला होता तिथे गेलो, तर ‘मंजुरीपर्यंत आमचं काम, व्याजाचा विषय बँकेचा’. शाखेत परत आलो तर साहेबांची बदली झालेली, नव्या साहेबांना फाइल सापडेना. मी चहा पाजून, गोड बोलून काम होईल या आशेवर जाऊन बसायचो, आणि ते मला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचे. आवाज चढवणाऱ्याचंही काही वेगळं होत नाही, ते बाकावर बसून बरंच पाहिलं.

यात खरा मार बसला तो वेळेचा. तुम्हाला सांगायला नको, नळ्यांचा माल बारा महिने सारखा येत नाही. मृगबागेची (जूनच्या केळी लागवडीची) तयारी आणि मे अखेरीची बागायती कापसाची लागवड यांच्या आधी, एप्रिल-मेमध्ये शेतकरी जुन्या नळ्या गुंडाळून बांधावर टाकतो. तेव्हा रोख घेऊन जो दारात जाईल त्याला माल, तोही बऱ्या भावात. नेमकी त्याच वेळी माझी सीसी (खेळत्या भांडवलाचं कॅश क्रेडिट) काठोकाठ वापरून झालेली, कारण खात्यातून भलतंच व्याज वळतं होत होतं. शेवटी जळगावच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर चढ्या भावाने माल उचलला आणि वर्षभराचं मार्जिन त्यात गेलं.

सुटलं ते साध्या कागदाने. एक पानी पत्र: टीडीआरचा नंबर आणि तारीख, योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमधल्या त्या कलमाची प्रत, आणि जास्तीच्या व्याजाचा महिनावार तक्ता. दोन प्रती, एकीवर शाखेचा आवक शिक्का. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन तक्रार करता येते. ही योजना नोव्हेंबर 2021 पासून आहे, फी नाही, वकील लागत नाही. माझी तक्रार गेल्यावर शाखेतून स्वतःहून फोन आला आणि जास्तीचं व्याज खात्यात परत जमा झालं. सगळ्यांचं असंच होईल अशी खात्री मी देत नाही. पण तोंडी बोलण्यात एक दिवससुद्धा घालवू नका, शिक्क्याशिवाय कागद म्हणजे कागद नाही.

तुमचं तपासायला सोपं आहे. कर्जखात्याचा उतारा घ्या. टर्म लोन 28 लाख बाकी असेल आणि दर 11 टक्के असेल, तर पूर्ण रकमेवर महिन्याचं व्याज साधारण 25,667 रुपये येतं. टीडीआरचे 10 लाख वजा केले तर 16,500. उताऱ्यात कोणता आकडा दिसतो तेवढं बघा. काही बँका सबसिडी टर्म लोन आणि सीसीत विभागून धरतात, मग आकडे थोडे सरकतील, पण फरक लपत नाही.

याला जोडून सीसीचं एक कलम आहे, ते कोणी सांगत नाही. प्रोजेक्टमध्ये खेळतं भांडवल धरलं असेल, तर तीन वर्षांत एकदा तरी सीसी 100 टक्के वापरलेली दिसली पाहिजे, आणि एकूण वापर मंजूर मर्यादेच्या 75 टक्क्यांच्या खाली जाऊ नये. नाहीतर त्या प्रमाणात सबसिडी परत जाते. प्रोजेक्ट रिपोर्ट करणारे लोक आकडा फुगवायला खेळतं भांडवल वाढवून लिहितात, आणि हंगामी धंद्यात ती मर्यादा आठ महिने रिकामी पडून राहते. माझं स्पष्ट मत, एप्रिल-मेची खरेदी सगळी सीसीतूनच करा, घरचा पैसा असला तरी. आणि युनिटवर योजनेचा बोर्ड आजच लावा, तपासणीला येणारा माणूस आधी तोच बघतो.

वडिलांच्या दुकानाला बेलिंग (भंगार दाबून गठ्ठे बांधायच्या) मशीनसाठी काही मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला असतं, चालू दुकानाला नाही. पण दुकानावर आधी मुद्रा कर्ज असेल आणि ते वेळेत फिटलं असेल, तर विस्तारासाठी दुसऱ्या कर्जाची सोय आहे. उत्पादनाला 1 कोटीपर्यंत, सबसिडी 15 टक्के, पण त्याला आधीच्या वर्षांचा नफा कागदावर दिसावा लागतो. भंगाराच्या दुकानात नफा कागदावर किती असतो ते आपण दोघं जाणतो. नुसतं दाबून गठ्ठे बांधणं उत्पादनात धरतात का हाही प्रश्न आहे, तो अर्जाआधी विचारून घ्या. दुसरी वाट स्पाइस योजना, डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने प्लास्टिक, रबर आणि ई-कचऱ्याच्या पुनर्वापरासाठी आणलेली. 25 टक्के भांडवली सबसिडी, जास्तीत जास्त 12.5 लाख, कारभार सिडबीकडे (लघुउद्योगांची सरकारी बँक). मात्र एकाच मशीनवर दोन सबसिड्या बसवायच्या फंदात पडू नका. यूट्यूबवर अजून सीएलसीएसएसचे (मशीनसाठीच्या जुन्या भांडवली सबसिडी योजनेचे) 15 टक्के सांगणारे व्हिडिओ फिरतात, ती योजना 31 मार्च 2020 ला संपली. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी वेगळी 25 टक्क्यांची आहे, मर्यादा 25 लाख.

पोस्टखाली एकाने ‘ईपीआर सर्टिफिकेट विकून सबसिडीपेक्षा जास्त कमवाल’ असं लिहिलंय (ईपीआर म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरची पुनर्वापराची जबाबदारी, ती भागवायला त्या रिसायकलरकडून सर्टिफिकेट घेतात), तिकडे लक्ष देऊ नका. 2022 ची ती नियमावली प्लास्टिक पॅकेजिंगसाठी आहे. ठिबकची नळी पॅकेजिंग नाही, त्यामुळे तिच्या दाण्यावर सर्टिफिकेट निघत नाही. खताच्या गोण्या, पॅकिंगची पन्नी असा माल वेगळा घेऊन वेगळा नोंदवलात, सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर नोंदणी केलीत, तर गोष्ट वेगळी. नळ्यांचं वजन त्यात मिसळायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा.

जीएसटीचाही विचार प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बहुतेक नसेल. शेतकऱ्याकडून घेतलेल्या नळीवर तुम्हाला क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) मिळत नाही, आणि दाणा विकताना 18 टक्के लावायचे. व्यापाऱ्याकडून घ्याल तर प्लास्टिक भंगारावर 1 ऑक्टोबर 2021 पासून 5 ऐवजी 18 टक्के आहे, क्रेडिट मिळतं पण पैसा आधी अडकतो. खरेदी कुठून किती, हे सीएसमोर बसून ठरवा, माझ्या भरवशावर नको.

मालाची चिंता मात्र करू नका. एकाच जमिनीवर ठिबकचं अनुदान सात वर्षांनी पुन्हा घेता येतं, आणि आपल्याकडे चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात केळीला ठिबक नाही असा मळा शोधावा लागेल. जुन्या नळ्या निघतच राहणार. प्रश्न प्रतीचा आहे. काळ्या मातीची नळी कितीही झटकली तरी आत चिकट गाळ आणि खताचा क्षार राहतो, तेव्हा वजन करताना घट धरूनच भाव बोला. प्रेशर कंपेन्सेटिंग (दाब कमीजास्त झाला तरी सारखं पाणी सोडणाऱ्या) ड्रिपरची इनलाइन नळी असेल तर आत सिलिकॉनची चकती असते. ती वितळत नाही, एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून दाणा काढणाऱ्या मशीनची) जाळी चोंदवते, आणि मग दर थोड्या वेळाने मशीन थांबवून जाळी बदलत बसा. असा माल वेगळा ठेवा, घेतलात तरी कमी भावात.

धुण्याचं पाणी उघड्या नाल्यात सोडू नका. सेटलिंग टाक्या करून तेच पाणी फिरवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र तुमच्याकडे असेलच, पण त्यातल्या अटी वाचल्यात का? आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, शेडबाहेर रचलेल्या नळ्यांच्या ढिगाला एक ठिणगी पुरे. विम्यात उघड्यावरचा माल स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी ‘शेडमधला स्टॉक’ एवढंच कव्हर निघतं.

एक खुलासा. मी सीए नाही, बँकेतला नाही, सल्ल्याचे पैसे घेत नाही. पीएमईजीपीला 2022 मध्ये मिळालेली मंजुरी 2025-26 पर्यंतचीच होती, टक्केवाऱ्या आणि मर्यादा मधूनमधून बदलतात, म्हणून पत्र देण्याआधी पोर्टलवरची ताजी मार्गदर्शक सूचना उतरवून घ्या आणि तीच जोडा, माझ्या पोस्टचा स्क्रीनशॉट नको. (एकाने खरंच तो शाखेत नेऊन दाखवला होता.)

युनिट गावच्या ग्रामपंचायत हद्दीत आहे याचा दाखलाही फाइलला लावलाय ना? चोपड्याला नगरपरिषद आहे, शेड तिच्या हद्दीत निघालं तर सबसिडी 25 ऐवजी 15 टक्के होते, आणि ते तपासणीच्या वेळी निघालं तर फार महाग पडतं.

टीडीआरची पावती आणि टर्म लोनचा मागच्या सहा महिन्यांचा उतारा, खातेनंबर झाकून, मला खाजगी संदेशात पाठवा. महिनावार तक्ता कसा मांडायचा ते त्यावरच करून दाखवतो. मंजुरीपत्रातलं सबसिडीचं कलमही पाठवा, काही शाखा तिथेच वेगळी ओळ घुसडतात.