शेवाळापासून डिझेल : खत कमी, तेल जास्त?

प्रश्न : शेततळ्यात शेवाळ वाढवून डिझेल करता येतं आणि खत जितकं कमी तितकं तेल जास्त, असं गावात आलेल्या एजंटनं सांगितलं. युरिया वेळेवर मिळत नाही, मग हे आम्हाला परवडेल का?

उत्तर : एजंटचं म्हणणं अर्धंच खरं आहे. क्लोरेलासारख्या सूक्ष्म शेवाळाला नत्र मिळेनासं झालं की प्रथिनं तयार होत नाहीत, म्हणून वाढ खुंटते. ऊन मात्र मिळतच असतं. मग शेवाळ तयार केलेलं अन्न तेलाच्या रूपात साठवतं; डिझेल होतं ते याच तेलापासून. हिरवंगार पाणी पिवळसर दिसू लागतं ते याच वेळी. तेलाची टक्केवारी चढते, पण वजन भरत नाही. समजा, खत दिलेल्या टाकीतून १०० किलो वाळलेलं शेवाळ निघालं आणि तेल २० टक्के, तर तेल २० किलो. उपाशी टाकीत तेल ४० टक्के, पण शेवाळ ४० किलोच, तर तेल १६ किलो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ असं दीर्घकाळ यावर काम केलं. त्यांच्याही हाती हेच आलं. म्हणून आधी भरपूर वाढवायचं आणि काढणीच्या आधी काही दिवसच नत्र तोडायचं.

१०० किलो वाळलेल्या शेवाळात साधारण ७ किलो नत्र असतं, म्हणजे १५ किलो युरिया. उसाला युरिया मिळत नसताना तो टाकीत ओतू नका, हे मी स्पष्टच सांगतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या : तेलात नत्र जात नाही. ते सगळं तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यात राहतं. तो चोथा गोबरगॅसमध्ये घालून स्लरी पुन्हा टाकीत सोडली, तर बरंचसं नत्र परत मिळतं. खताची टंचाई असेल तर खरा मार्ग हा आहे. स्लरी मात्र फडक्यातून गाळून, भरपूर पाणी घालून वापरा. पाणी काळपट राहिलं तर ऊन आत शिरत नाही, आणि अमोनियाचा उग्र वास येत असेल तर शेवाळ मरतं.

आता उत्पन्नाचं बघा. खोल शेततळं याला चालत नाही. २० ते ३० सेंटिमीटर पाणी आणि ते सतत हलतं हवं. अशा उघड्या टाकीत लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम शेवाळ मिळतं. १० बाय १० मीटरच्या, ३० सेंटिमीटर पाण्याच्या टाकीत ३० हजार लिटर पाणी मावतं. त्यातून १५ किलो शेवाळ, म्हणजे ३ किलो तेल. एवढं पाणी गाळायचं, शेवाळ वाळवायचं, तेल काढायचं, हा खर्च वेगळाच. एक्सॉनमोबिलसारख्या बड्या तेल कंपनीनं २००९ मध्ये यात हात घातला आणि २०२३ मध्ये काढून घेतला.

तेव्हा एजंटला अनामत रक्कम देऊ नका. खरेदीची हमी लेखी मागा आणि करार सही करण्याआधी आमच्या कार्यालयात दाखवा. हौस असेल तर २०० लिटरच्या टाकीत गाळलेल्या स्लरीवर करून बघा. शेवाळ तेलाला पुरलं नाही, तरी ते पाणी भाजीच्या वाफ्याला सोडता येईल.