निसर्गवेड्या मुलासाठी गट कसा शोधाल

पहिली चौकशी शाळेत करा. अनेक शाळांत राष्ट्रीय हरित सेनेचा, म्हणजे पर्यावरणाचे उपक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांचा, गट किंवा स्काऊट-गाईडचं पथक असतं, फक्त पालकांना ठाऊक नसतं. लहान मुलांसाठी कब आणि बुलबुल, साधारण दहाव्या वर्षापासून स्काऊट-गाईड. मुंबईत असाल तर १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. गोरेगावला त्यांचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. गावाकडे महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक गाठा, पक्षी बघणारे त्यांच्या ओळखीचे असतातच.

ट्रेकचा गट आणि निसर्ग निरीक्षणाचा गट यांत गल्लत करू नका. पाखरं-किडे बघण्यात रमणाऱ्या मुलाला शिखर गाठायच्या घाईतल्या गटात घातलं की ते दोन फेऱ्यांत कंटाळतं. पन्नास मुलांमागे दोन दादा असतील तर सरळ नाही म्हणा. आठ-दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवाच. प्रथमोपचार कोणाला येतो, जवळचं रुग्णालय कोणतं, पावसाळ्यात धबधब्याखाली नेतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर देताना चिडणारा आयोजक नकोच.

सुरुवात सकाळच्या दोन-तीन तासांच्या फेरीने करा, मुक्कामी शिबिर नंतर. मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, लिटरभर पाणी, वही-पेन्सिल एवढं पुरे. दुर्बिणीची घाई नको. घ्यायचीच झाली तर ८×४० ची (आठपट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची), आधी मुलाच्या हाताला वजन पेलतंय का बघून.