एनएफटी घेणाऱ्याच्या पदरात नक्की काय पडते?

आवडत्या चित्रकाराची एनएफटी (म्हणजे डिजिटल चित्रासारख्या वस्तूसाठी ब्लॉकचेन या सामायिक संगणकीय खातेवहीत केलेली एकमेव नोंद, अर्थात टोकन) घेतली तर पुढे किंमत वाढेल का आणि आपल्या मालकीचे नक्की काय होते, असे तुम्ही विचारले आहे. यातल्या दुसऱ्या प्रश्नावरून माझे आणि माझ्या मेहुण्यांचे अजून पटलेले नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

कोल्हापुरात माझा छापखाना आहे आणि मेहुण्यांचे कापडाचे दुकान. तेजीच्या काळात त्यांनी एका तरुण चित्रकाराचे मोराचे डिजिटल चित्र एनएफटी म्हणून घेतले आणि दिवाळीच्या तोंडावर ते पेन ड्राइव्हमध्ये घेऊन माझ्याकडे आले. दुकानाच्या कॅलेंडरवर आणि पिशव्यांवर त्यांना ते छापायचे होते. मी चित्रकाराचे परवानगीपत्र मागितले, तेव्हा ‘‘दाजी, चित्र माझ्या नावावर आहे, परवानगी कुणाची घ्यायची?’’ असे म्हणत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आम्ही टोकनची नोंद उघडली. तीत टोकनचा क्रमांक, वॉलेटचा (टोकन ज्यात जमा होते त्या डिजिटल खात्याचा) लांबलचक पत्ता आणि चित्र जिथे साठवले होते तिथली लिंक, एवढेच होते. विक्रीच्या अटींत तर वापर केवळ वैयक्तिक असावा, असे स्पष्ट लिहिले होते. मी काम घेतले नाही. त्यांनी ते दुसरीकडून छापून घेतले, चित्रकाराची नोटीस आली आणि पिशव्यांचे गठ्ठे गोदामात पडून राहिले. चित्रकाराने आपल्याला फसवले, असे मेहुणे आजही चारचौघांत सांगतात, आणि ते साफ खोटे आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर हक्कधारकाच्या सहीचा लेखी करार लागतो; टोकन वॉलेटमध्ये आले म्हणून तो होत नाही. घेणाऱ्याला मिळते ती सर्वांना तपासता येईल अशी टोकनच्या मालकीची नोंद आणि चित्रकाराला पैसे पोहोचल्याचे समाधान. मला हे समाधान पुरेसे मोलाचे वाटते, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये.

किमतीचे म्हणाल, तर ती सर्वस्वी पुढच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असते. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या ट्वीटची एनएफटी मार्च २०२१ मध्ये सुमारे २९ लाख डॉलरना गेली आणि वर्षभरानंतर ती पुन्हा विक्रीला निघाली, तेव्हा लिलावाच्या मुदतीत आलेली सर्वांत मोठी बोली २८० डॉलरच्या आसपास होती. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा मिळतो म्हणून घेणारेही असतात; मात्र ओपनसी या एनएफटींच्या ऑनलाइन बाजाराने ऑगस्ट २०२३ मध्ये हा वाटा देण्याची सक्ती काढून घेण्याचे जाहीर केले, त्यामुळे तो भरवसाही राहिलेला नाही.

मी वकील नाही, आणि सर्वच संग्रहांच्या अटी सारख्या नसतात. ‘बोअर्ड एप यॉट क्लब’सारख्या (वानरांच्या व्यंगचित्रांच्या एनएफटींच्या) संग्रहात धारकाला चित्राच्या व्यावसायिक वापराची मुभा दिलेली आहे. म्हणून पैसे भरण्याआधी अटी वाचाव्यात, आणि चित्र छापायचे असेल तर सरळ चित्रकाराला पत्र लिहून दर विचारावा. मेहुण्यांनी तसे विचारले असते तर कॅलेंडरची परवानगी आपण नाममात्र रकमेत दिली असती, असे त्या चित्रकारानेच मला नंतर सांगितले.