मनोरुग्णालयातून घरी आल्यावर, त्यातून गेलेली माणसं कुठे भेटतील?

पुण्यात असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे ('सा') स्वमदत गटाची चौकशी करा. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेचे आधारगट आहेत. तुमचं निदान स्किझोफ्रेनियापेक्षा वेगळं असेल तर कुठला गट चालेल, ते आधी विचारून घ्या.

माझं सांगतो. वॉर्डात मला बांधून ठेवलं होतं. घरी तो विषय काढला की आई म्हणायची, "झालं ते झालं, जेवून घे." दोन महिन्यांनी गटात गेलो, तर गोळ्यांमुळे हात थरथरून चहा बशीत सांडायला लागला. शेजारच्या काकांनी माझा कप अर्धा रिकामा करून परत हातात दिला. "माझंही असंच व्हायचं." बस, एवढंच बोलले. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, कुणी आग्रहही केला नाही.

पहिल्याच दिवशी सगळं सांगायला लावणारा किंवा 'गोळ्या सोडा' म्हणणारा गट असेल, तर उठून या.

रात्री-अपरात्री फार त्रास झाला, जीव नकोसा वाटला, तर गटाच्या दिवसाची वाट बघू नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.