जुन्या फोटोंवरून त्या काळचे रोजचे जगणे खरेच कळते का?

आपला प्रश्न असा आहे की, १९००च्या आगेमागे काढलेल्या फोटोंत सगळी माणसे नटूनथटून, गंभीर चेहऱ्याने ताठ बसलेली दिसतात. मग अशा फोटोंवरून त्या काळचे रोजचे जगणे कळते, या म्हणण्याला काही अर्थ आहे का? आजोबांच्या ट्रंकेत असे पाच-सहा फोटो सापडल्याचेही आपण लिहिले आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. माझे सांगलीत तसबिरी मढवण्याचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले आणि आता मी चालवतो. इतिहास मी शिकलेलो नाही. जुन्या तसबिरी मागच्या बाजूने उघडण्याचे काम मात्र तीस वर्षे करत आलो आहे.

माझ्या अनुभवाप्रमाणे रोजचे जगणे त्या फोटोंत असते, परंतु फोटोग्राफरने ज्याच्यावर नेम धरला होता तिथे ते सहसा नसते. ते कडेला असते, पायांशी असते, हललेल्या भागात असते आणि कधीकधी माऊंटच्या, म्हणजे फोटोवर बसवलेल्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, खाली झाकले गेलेले असते.

एकच उदाहरण नीट सांगतो. ऑगस्ट २०१९च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडे भिजलेल्या तसबिरींचाच ढीग होता. त्यात गावभागातल्या एका घरातली मोठी शिसवी चौकट होती. मागचे बारीक खिळे गंजून गेले होते, पुठ्ठ्याच्या आत दाबून भरलेल्या वर्तमानपत्राचा लगदा झाला होता आणि फोटोची खालची कड काचेला चिकटली होती; वरचा बराचसा भाग मात्र वाचला होता. वाड्याच्या चौकातला तो समूहफोटो. मध्ये खुर्चीवर पगडी आणि उपरणे घेतलेले यजमान, शेजारच्या खुर्चीवर नथ घातलेल्या त्यांच्या पत्नी, मागे बंद गळ्याच्या कोटातले मुलगे, पुढे जाजमावर मांडी घालून बसलेली नातवंडे आणि सगळ्यांच्या मागे ताणून धरलेली पांढरी चादर. घरातल्यांनी लहानपणापासून पाहिलेला फोटो एवढाच होता.

माऊंट काढल्यावर दोन्ही बाजूंना इंच-इंच फोटो अजून निघाला. डावीकडे चादरीचे टोक हात उंचावून धरलेला एक गडी, तोही अर्धाच. उजवीकडे चादर संपते आणि तिथून खरा वाडा सुरू होतो: दोरीवर वाळत घातलेले नऊवारी लुगडे, एक तांब्याचे घंगाळ, भिंतीला टेकवून ठेवलेले मुसळ, आणि माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभी असलेली, डोक्यावरून पदर ओढून घेतलेली एक बाई. तिचे वस्त्र फोटोत अगदी काळे दिसते. ते आलवण असणार, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेने नेसायचे तांबडे लुगडे. घरातल्यांना ती कोण हे सांगता आले नाही. तिला फोटोत बसवले नव्हते, पण ती दारात येऊन उभी राहिली आणि काचेवर उमटली. पुढे केव्हातरी आमच्याच धंद्यातल्या कोणीतरी माऊंटची खिडकी बरोबर तिच्या अलीकडे कापली.

तांबडे आलवण काळे का दिसते, हे समजून घेतले की जुने फोटो वाचायला निम्मे येऊ लागतात. त्या काळी फिल्मच्या जागी काचेच्या प्लेटा असत; त्यांना निळा आणि जांभळा प्रकाश चटकन कळे, सुधारलेल्या प्लेटांना हिरवाही थोडाफार कळे, परंतु तांबडा जवळजवळ कळतच नसे. फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून काचा धुऊ शकत, ते याच कारणामुळे. सगळे रंग ओळखणाऱ्या प्लेटा १९०६च्या सुमारास परदेशात विकायला आल्या, तरी पुढे बरीच वर्षे नेहमीचे काम जुन्याच प्लेटांवर होत राहिले. त्यामुळे कुंकू काळे दिसते, डाळिंबी लुगडे काळे दिसते, फिकट निळा फेटा पांढरा होऊन जातो आणि आकाशाचा कोरा कागद होतो. साध्या प्लेटेवर पिवळा रंगही काळपट येतो; म्हणजे आमच्या सांगलीच्या पेठेतल्या हळदीच्या राशी अशा फोटोत मातीच्या ढिगासारख्या दिसणार. माणसांच्या कातडीतला तांबूसपणाही प्लेटेला दिसत नसल्यामुळे चेहरे होते त्याहून सावळे येत, आणि मग स्टुडिओतला माणूस काचेवर बारीक पेन्सिल फिरवून ते उजळ करी. ‘पणजोबा फारच काळे होते’ किंवा ‘पणजी सुतकात असल्यासारखी काळी नेसली आहे’ असे कोणी दुकानात म्हणाले की मला हे सगळे पुराण लावावे लागते.

आता गंभीर चेहऱ्यांविषयी. प्रकाशाला फार वेळ लागे म्हणून कोणी हसत नसे, हे उत्तर सर्वत्र दिले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. १८४०च्या दशकात ते पुष्कळसे लागू होते; परंतु १८८०च्या सुमारास जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या प्लेटा बाजारात आल्यावर भर उन्हात सेकंदाच्या लहानशा अंशात फोटो निघू लागला होता. स्टुडिओत, छताच्या काचेतून येणाऱ्या उजेडात एखाददुसरा सेकंद स्थिर बसावे लागे, आणि तेवढा वेळ हसू टिकवता येत नाही असे काही नाही. माझ्या मते मुख्य कारण रीतीचे होते. फोटो काढणे हा आयुष्यात एकदोनदा येणारा प्रसंग होता आणि तो मागे राहणाऱ्यांसाठी काढला जाई. वडीलधाऱ्यांच्या देखत दात दाखवणे जिथे शोभत नसे, तिथे भिंतीवर कायमचे दात दाखवत बसायला कोण तयार होणार?

जे हलले ते मात्र नीट पाहावे. घाटावरच्या फोटोत वाहते पाणी धुरासारखे येते, उभ्या बैलाचे शेपूट नाहीसे होते, आईच्या मांडीवरच्या मुलाला दोन डोकी येतात. गिऱ्हाइके याला खराब झालेला फोटो म्हणतात. फोटोतली जी माणसे फोटोसाठी थांबली नव्हती ती तेवढीच असतात, म्हणून मला ते भाग पुसून दुरुस्त करून देणे जिवावर येते. (आता मोबाईलवर एका बटणात सगळे गुळगुळीत करून मिळते, त्याविषयी न बोललेले बरे.)

स्टुडिओतल्या फोटोत मी आधी पाय पाहतो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि जिना, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी, हातात पुस्तक, हे सगळे स्टुडिओचे असे, आणि बऱ्याच ठिकाणी कोटही स्टुडिओतच टांगलेला असे. पायांत काय घालायचे ते मात्र ज्याचे त्यालाच आणावे लागे. वर गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट, घड्याळाची साखळी, आणि खाली धोतरातून बाहेर आलेले, टाचांना भेगा पडलेले अनवाणी पाय. असा माणूस सकाळी शेतात पाणी पाजून दुपारी फोटोला आलेला असू शकतो. सातारा जिल्ह्यातल्या घरांत पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या शिपायाचा फोटो हमखास निघतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या आणि १९१६मध्ये कूतच्या वेढ्यातही त्या होत्या. अशा कित्येक घरांत त्या माणसाचा तेवढाच एक फोटो असतो.

काळ ठरवायला वस्तूच उपयोगी पडतात. कृष्णेच्या घाटाच्या फोटोत आयर्विन पूल नसेल, तर तो १९२९च्या आधीचा. घोळक्यात पांढऱ्या गांधी टोप्या दिसल्या तर बहुधा १९२०नंतरचा. ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६चा आणि त्याचा प्रभाकर कंदील त्याहूनही नंतरचा, त्यामुळे ओसरीवर तो टांगलेला ओळखू आला तर तारीख तेवढी पुढे सरकते. शेताच्या फोटोत नांगर लाकडी आहे की लोखंडी ते पाहावे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी १९१०मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर वसली आणि लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्यांची धास्ती जायला त्यानंतरही काही काळ लागला.

वस्तू फसवतातही. माळावर गवताची झोपडी, दारात कुटुंब, असा फोटो पाहून आपण गरिबी म्हणून मोकळे होतो. पण झोपडीपुढे घासून मांडलेली पितळेची भांडी असतील, बायकांच्या अंगावर दागिने असतील, तर प्लेगचा विचार करावा. १८९७पासून सातारा जिल्ह्याने प्लेगच्या साथी सोसल्या. उंदीर पडू लागले की लोक घरांना कुलपे घालून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच स्वयंपाक, शाळा, बाळंतपणे होत. फोटोतली ती माणसे बहुधा वाड्यातली असतात आणि वाडा मागे कुलपात असतो.

एक उणीव मात्र कितीही बारकाईने पाहून भरून येत नाही. ज्यांना फोटोचे पैसे परवडत नव्हते किंवा ज्यांना खुर्चीवर बसूच दिले जात नव्हते, त्यांचे स्वतःहून काढून घेतलेले फोटो फारच थोडे आहेत. ती माणसे दिसतात ती सरकारी साहेबांच्या संग्रहांत नाहीतर मिशनऱ्यांच्या फोटोंत, आणि तिथे ती कसली तरी नमुना म्हणून उभी केलेली असतात: अमक्या जातीचा, अमक्या रोगाचा. मिशनचे फोटो परदेशातल्या देणगीदारांना दाखवण्यासाठीही काढले जात, हे ध्यानात ठेवूनच ते पाहावेत.

आता आपल्या ट्रंकेतल्या फोटोंविषयी. चौकटीत असतील तर अनुभवी माणसाकडून मागून उघडून घ्या आणि आतला वर्तमानपत्राचा कागद टाकू नका, कारण त्यावर तारीख असू शकते. मात्र ती तारीख फोटोची नसून मढवण्याची असते. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच त्याचा तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का किंवा पोस्टकार्डाच्या रेघा असतील तर ती बाजूही तितक्याच काळजीने स्कॅन करा. नावे मऊ पेन्सिलीने मागे लिहा, बॉलपेनाने नको, आणि लॅमिनेशन तर कोणी फुकट करून दिले तरी करू नका. सगळ्यात आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे फोटो ठेवून मधली माणसे सोडून द्या आणि कडेच्या वस्तूंविषयी विचारा. ‘हे कोण?’ याला एका नावाचे उत्तर मिळते, पण ‘ही दोरी कुठे बांधलेली असायची?’ या प्रश्नावर अर्धा तास निघतो.

गावभागातली ती तसबीर पुन्हा त्याच शिसवी चौकटीत बसली. माऊंटची खिडकी तेवढी या वेळी दोन्ही बाजूंना इंचभर जास्त कापली.