पडत्या काळातले आणि चढत्या काळातले

फुटबॉलच्या जुन्या आणि नव्या पाठीराख्यांमधील कुरबुरींविषयी या महिन्यात कोकणपट्टीतून बरीच पत्रे आली. त्यांतील तीन येथे घेतली आहेत. वेंगुर्ल्याच्या पत्राचे उत्तर अंमळ लांबले आहे, कारण भांडणाचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्यातील सात-आठ मित्र २००५ पासून लिव्हरपूलचे पाठीराखे आहोत. युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधील अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-३ असा मागे पडलेला हा इंग्लिश संघ इटलीच्या मिलानविरुद्ध पेनल्टींवर जिंकला. ती रात्र जागवली आणि आम्ही या संघाचे झालो. २०१४ च्या एप्रिलमध्ये चेल्सीविरुद्ध आमचा कर्णधार जेरार्डचा पाय घसरला आणि विजेतेपद हातचे गेले, तेव्हा आम्ही एका मित्राच्या खळ्यात टीव्ही बाहेर काढून आंब्याच्या पेट्या भरत होतो. त्यानंतर कोणी कोणाशी बोलले नाही. पेट्या रात्रीच्या गाडीला द्यायच्या होत्या, म्हणून तेवढा पेंढा घालून त्या बांधल्या. २०२५ मध्ये लिव्हरपूल विसाव्यांदा इंग्लंडचा लीगविजेता झाल्यापासून मात्र गावातील बरीच पोरे नव्या जर्सी घालून येतात आणि टीव्हीसमोरच्या खुर्च्या धरतात. त्यांतील दोघे दोन वर्षांपूर्वी मँचेस्टर सिटीच्या निळ्या जर्सीत फिरत होते. संघ हरला की यांचा पत्ता नसतो, आणि असलाच तर खेळाडूंच्या सात पिढ्यांचा उद्धार चालतो. गटात घेण्यापूर्वी यांची परीक्षा घ्यावी, इस्तंबूलला मैदानात उतरलेले अकरा खेळाडू विचारावेत, असे आमच्यातील काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : परीक्षा घेऊ नका. घेतलीच तर आधी आपापसांत घेऊन पाहा. त्या रात्रीचे नायक म्हणून सर्वांच्या तोंडी असलेले स्मिसर आणि हामान हे दोघे सुरुवातीच्या अकरांत नव्हतेच, हे तुमच्यापैकी किती जण मोबाइल न उघडता सांगतील, याची मला शंका आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही या संघाचे झालात ते एका विजयाच्या रात्री, आणि तोही असा विजय की, त्या रात्री जगभर हजारोंनी हाच संघ धरला असेल. लिव्हरपूल शहरातील पोराला बाप हात धरून क्लबच्या ॲनफिल्ड मैदानावर नेतो; वेंगुर्ल्यातील पोराला संघ मिळतो तो पडद्यावरून, आणि पडद्यावर दिसतो तो बहुधा जिंकणारा संघ. तेव्हा आरंभाच्या बाबतीत तुम्ही आणि ती पोरे एकाच वाटेने आलात. फरक आहे तो त्यानंतरच्या वर्षांचा. २००७ मध्ये अथेन्सला त्याच मिलानकडून झालेला पराभव, २०१० मध्ये कर्जात रुतलेल्या क्लबची झालेली विक्री, २०१४ चे हातचे गेलेले विजेतेपद, २०१८ ला कीव्हमधील अंतिम सामन्यात अर्ध्या तासात जायबंदी होऊन रडत बाहेर पडलेला सलाह, हे सारे तुम्ही पाहिलेत आणि तरी टिकलात. याचे मोल आहेच. ते कोणी मानत नाही, हे तुमचे खरे दुखणे असावे. खुर्च्या हे निमित्त आहे.

आता त्या पोरांविषयी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांत, शनिवारच्या सामन्यानंतर येणाऱ्या सोमवारी, विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे किती विद्यार्थी घालतात हे त्यांनी मोजले. खेळ अमेरिकी फुटबॉलचा होता, पण माणसे आपल्यासारखीच. संघ जिंकला असेल तर असे कपडे अधिक दिसत. आणि सामन्याविषयी विचारल्यावर विद्यार्थी विजयाला ‘आम्ही जिंकलो’ म्हणत, पराभवाला मात्र ‘ते हरले’. तुमच्या प्रश्नाशी निगडित भाग पुढेच आहे. ज्या विद्यार्थ्यांना आधी एका छोट्या चाचणीत नापास ठरवले होते, त्यांच्यात ही सवय अधिक ठळकपणे दिसली. म्हणजे तुमच्या परीक्षेत नापास झालेले पोर लाजून घरी बसेल असे नाही. ते पुढच्या विजयाला आणखी मोठ्याने ओरडेल.

जुन्या पाठीराख्यांनी आपले वजन कोठे वापरावे, याचा दाखला लिव्हरपूलमध्येच आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मालकांनी नव्या स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे ठरवले, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालते झाले. संघ त्या वेळी २-० ने पुढे होता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. तो राग मालकांवर होता, शेजारच्या खुर्चीवर नव्याने बसलेल्या माणसावर नव्हता.

गणपतीला आलेला चाकरमानी आरतीला सर्वांच्या पुढे उभा राहतो, आणि वर्षभर देवळात दिवा लावणारा मागे भिंतीला टेकतो, हे आपल्याकडे दरवर्षी घडते. त्याबद्दल गावात कुजबुज होते, पण कोणी त्याला दारात अडवून हजेरीपट मागत नाही. टाळ कोणाच्या हातात द्यायचे, हे मात्र गाव ठरवते. तुम्हीही तेवढेच ठरवा. टीव्हीचे रिचार्ज, पावसाळ्यात वीज जाते म्हणून ठेवलेला इन्व्हर्टर, चहा यांची वर्गणी जो मोसमाच्या आरंभी देईल, त्याची खुर्ची पुढे. नुसत्या मोठ्या सामन्याला येणाऱ्याने मागे उभे राहावे. शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढावे, आणि तो नियम २००५ च्या मंडळींनाही लागू असावा. (तुमच्या पत्रात या दुसऱ्या गटाच्या तोंडाविषयी काहीच लिहिलेले नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही.)

परीक्षेऐवजी त्यांना एक गोष्ट सांगा. क्लबच्या जर्सीवर मानेमागे ९७ हा आकडा असतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिच्यात लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले; त्याचा दोष अनेक वर्षे प्रेक्षकांच्याच माथी मारला जात होता, आणि मृतांच्या नातेवाइकांनी लढा देत राहून अखेर २०१६ मध्ये ज्युरीकडून हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडल्याचा निर्णय मिळवला. अंगावर ती जर्सी घालणाऱ्याला हे ठाऊक असावे, आणि ते सांगण्याचे काम तुमचेच आहे.

सिटी सोडून आलेल्या त्या दोघांचा फार विचार करू नका. १९९८-९९ मध्ये सिटी इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, तरी त्यांच्या घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांच्या आसपास प्रेक्षक येत. सिटीचे जुने पाठीराखे ते. या दोघांच्या जाण्याने त्यांचे काही बिघडलेले नाही.

प्रश्न : मी २२ नोव्हेंबर २०२२ रोजी वसतिगृहातील मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा फुटबॉलचा पूर्ण सामना पाहिला, त्यात अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. तेव्हापासून मी अर्जेंटिनाची आहे. माझे मामा १९८६ पासूनचे. ते म्हणतात, ‘तू मेस्सीची, अर्जेंटिनाची नव्हेस.’ मेस्सी थांबल्यावर मी खोटी ठरेन का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मामांना विचारा की, १९८६ मध्ये दूरदर्शनवर ते नेमके कोणाला पाहत होते. इंग्लंडविरुद्ध चार मिनिटांच्या अंतराने एक गोल हाताने आणि दुसरा निम्म्या संघाला चकवून करणाऱ्या मॅराडोनामुळेच ते अर्जेंटिनाचे झाले असणार. १९९४ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरून मॅराडोना विश्वचषकातून घरी परतला, आणि मामा तरीही तेथेच राहिले. एका खेळाडूपासून सुरू झालेली वाट संघापर्यंत जाते, याचा पुरावा तुमच्या घरातच आहे. शिवाय तुम्ही पराभवाच्या दिवशी आलात. या एका बाबतीत तुम्ही मामांच्या पुढे आहात, पण हे त्यांना जेवणापूर्वी सांगू नका.

त्यांची चिडचिड मात्र समजून घ्या. १९९३ च्या कोपा अमेरिकेनंतर २०२१ पर्यंत अर्जेंटिनाच्या मुख्य संघाला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नव्हती. २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षे अंतिम सामन्यात हार झाली, आणि शेवटच्या हारेनंतर खुद्द मेस्सीने राष्ट्रीय संघातून निवृत्तीची घोषणा केली होती. ती पुढे त्याने मागे घेतली. मामांनी ज्या विश्वचषकासाठी ३६ वर्षे वाट पाहिली, तो तुम्हाला २६ दिवसांत मिळाला. त्यांच्या जागी मीही थोडा कुरकुरलो असतो. मेस्सी थांबल्यावर पुढचा सामना मामांच्या शेजारी बसून पाहा. खरे-खोटे काय ते तुमचे तुम्हालाच कळेल.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीहून गाडी ठरवून एफसी गोवाचे सामने पाहायला फातोर्ड्याला जातो. संघ गुणतक्त्यात वर असला की नवी मंडळी सीट मागतात; दोन पराभव झाले की आदल्या रात्री ‘जमणार नाही’ असा निरोप येतो आणि भाडे उरलेल्यांवर पडते. त्यावर एक वडीलधारे म्हणतात की, आपण सगळेच नवे, खरे पाठीराखे धेंपो आणि साळगावकर या गोव्याच्या जुन्या क्लबांचे. काय करावे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. धेंपोने देशाचे विजेतेपद पाच वेळा मिळवले, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सही विजेते ठरले. एफसी गोवा जन्मला तो २०१४ मध्ये, आणि २०१६ मध्ये धेंपो व साळगावकर आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या मुख्य लीगमधून बाहेर पडले. ज्यांचे क्लबच असे मागे सरले, त्यांना ‘आता नव्या क्लबच्या घोषणा द्या’ म्हणणे कठीण आहे. पण २०१५ च्या डिसेंबरमध्ये फातोर्ड्यावरच इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात ८७ व्या मिनिटाला २-१ अशी आघाडी घेऊन अखेरच्या क्षणांत चेन्नईयिनकडून २-३ असे हरताना जे स्टँडमध्ये होते, ते क्लबच्या दुसऱ्याच वर्षी पुरेसे जुने झाले.

नव्यांना नेणे बंद करू नका. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीत भारत-चिनी तैपेई सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक होते. त्यानंतर भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून मैदानावर येण्याची विनंती केली. हवी तर टीका करा, शिव्या द्या, पण या, असे त्याचे म्हणणे होते. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. त्या गर्दीत पहिल्यांदाच आलेले किती होते, हे कोणी विचारले नाही.

भाड्याचा प्रश्न वेगळा आहे आणि सोपा आहे. रात्री उशिरा सामना संपल्यावर परतीची दुसरी सोय नसते, त्यामुळे गाडी लागणारच. निदान पाच सामन्यांचे भाडे मोसमाआधी घ्या, आणि ऐनवेळी न येणाऱ्याला ते परत देऊ नका, मग तो धेंपोच्या काळापासूनचा असला तरी.